गोदाबाईची अर्जी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, येडेश्वरी देवीपुढं सुद्धा नाही — तिथं हात जोडले की दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कुणी नाही म्हणून. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही, कधीच उचलली नाही. आणि हे कागदावर सांगतोय. कागदावर मी भारी बोलका आहे, जन्मभर तोच धंदा केला.

एक आधीच सांगून टाकतो. वय झालं, मन मऊ झालं, म्हणून म्हातारा बोलायला लागला, असं समजू नका. मऊबिऊ काही झालेलं नाही. रंगनाथ कासाराचं नाव निघालं की आजही माझं उजवं मनगट आवळल्यासारखं होतं. तो जाऊन किती वर्षं झाली, तरी. साप डूख धरतो म्हणतात — सापाचं मला माहीत नाही, माझं माहीत आहे.

तर निजामाचं राज्य होतं, महायुद्ध चालू होतं, आणि मी कळंबला तहसील कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली अर्जीनवीस होतो. कचेरीत उर्दूशिवाय कागद चालत नसे आणि खेड्यातल्या माणसाला उर्दू यायची नाही. तो माझ्यापुढं उकिडवा बसून आपल्या बोलीत सांगायचा — भावकीनं बांध कोरला, बैल चोरीला गेला, लेकीला सासरचे नांदवत नाहीत — आणि मी ते सरकारी उर्दूत उतरवायचो. मग रिवाजाप्रमाणं ती अर्जी त्याच्या बोलीत त्याला वाचून दाखवायची. त्यानं मान डोलावली की अंगठा घ्यायचा. अंगठ्याखाली मी लिहायचो, 'वाचून ऐकवली, कबूल आहे', आणि माझी सही करायचो. अंगठा त्याचा, पण भरवसा सगळा त्या सहीवर.

वाचून दाखवायचं काम मला फार जड जायचं. लिहिताना सरसर चालणारा मी, वाचताना मान खाली घालून नाकातल्या नाकात पुटपुटायचो. लोक पुढं वाकायचे. "अर्जीवाले, जरा मोठ्यानं की." मला नावानं कुणी हाक मारली नाही, सगळ्या गावाला मी अर्जीवालेच. लग्नात पंगतीला बसलो तर वाढप्याला मीठ मागायला मला धीर व्हायचा नाही, अळणी जेवून उठायचो. हसू नका. किंवा हसा — हसतील त्यांचे दात दिसतील.

अशा माणसाला वेड कसलं असावं? गाण्याचं. आणि तेही सटवा शाहिराच्या गाण्यांचं.

सटवा शाहीर आमच्या भागातला. मी आठ वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावर बसून त्याला एकदा ऐकला होता, पुढच्या वर्षी तो गेला. त्याचं एकही गाणं छापलं गेलं नाही. जे होतं ते माणसांच्या तोंडात होतं, एकाकडं मुखडा, दुसऱ्याकडं कडवं, तिसऱ्याकडं नुसती चाल. मी ते गोळा करायला लागलो. अर्जी लिहून झाली की समोरच्याला खालच्या आवाजात विचारायचो, "तुमच्याकडं सटवाचं काही म्हणतात का?" हा एकच सवाल मला विचारता यायचा, कारण तो माझ्याबद्दल नव्हता. कुणी दोन ओळी सांगायचा, कुणी अख्खं गाणं. कचेरीच्या आवारात, मुन्शी-चपराश्यांच्या देखत, शेतकरी मला हळू आवाजात गाणी सांगायचे आणि मी ती अर्जीसारखी उतरवून घ्यायचो. मराठी गाणी, पण उर्दू अक्षरांत, कारण हाताला तेच वळण पडलेलं. दहा-बारा वर्षांत दोनशेच्या वर गाणी झाली. एवढी गाणी दुसऱ्या कुणापाशी नव्हती. आज सुद्धा हे लिहिताना मला त्याचा गर्व वाटतो.

आता येरमाळ्याचं सांगतो. चैत्रात येडेश्वरीची जत्रा भरते. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून खाली येते, लाखो हात चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात, आणि मग पालखी आमराईत जाऊन पाच दिवस राहते. त्या पाच दिवसांत आमराईतल्या एका आंब्याखाली सटवाचे वेडे जमायचे. फडातले गाणारे-नाचणारे नव्हेत, सगळे नुसते शौकीन. परंड्याचा हैदर पैलवान यायचा, भूमचे दोन विणकर यायचे, बार्शीकडचे सात-आठ जण इंग्रजी मुलखातून हद्द ओलांडून यायचे. नाती नाहीत, गोती नाहीत, फक्त सटवा. आणि या सगळ्यांचा म्होरक्या होता आमच्याच कळंबचा रंगनाथ कासार. माझ्या बसायच्या जागेपासून त्याचं बांगड्यांचं दुकान हाकेच्या अंतरावर. रोज दोन वेळा मी त्यावरून जायचो, आणि आत बसून तो गुणगुणत असायचा ते गाणं माझ्या वहीत कितव्या पानावर आहे ते मला ठाऊक असायचं. पण थांबून बोललो कधी नाही.

सहा वर्षं मी जायचं ठरवलं आणि सहा वर्षं राहिलो. सातव्या वर्षी गेलो. बायको म्हणाली, मीही येते देवीला. तिला नेलं नाही. तिथं माझं काय होईल ते तिनं बघू नये असं वाटलं — म्हणजे आतून मला माहीत होतं, नाही का? वही धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून बगलेत मारली. वाटेत बैलगाडीत मनातल्या मनात घोकत होतो: राम राम, मी कळंबचा, माझ्याकडं सटवाची थोडी गाणी आहेत. एवढीच तीन वाक्यं. थोडी म्हणायचं, मग वही उघडायची, मग त्यांचे डोळे बघायचे. ते डोळे मी किती वेळा बघितले होते, काय सांगू.

आंब्याजवळ पोचलो आणि तिन्ही वाक्यं गेली. बैठक भरात होती. मी कडेला, मुळीवर बसलो. कुणी हटकलं नाही, एकानं पाण्याचा तांब्या पुढं केला. खरं सांगायचं तर पहिला तासभर — तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही. जे मी एकट्यानं कागदावर जपलं होतं ते वीस-पंचवीस माणसं मोठ्यानं म्हणत होती. माझ्या मांडीवर माझा हात आपोआप ताल धरत होता. मला वाटलं, बस, असंच कडेला राहू द्या मला.

पण त्या बैठकीचा एक खेळ होता. रंगनाथ हातात डफ घेऊन एक ओळ म्हणायचा, मध्येच तोडायचा आणि डफ कुणाकडंतरी रोखायचा. ज्याच्याकडं डफ त्यानं पुढची ओळ उचलायची. नाही आली तर सगळे ओरडायचे, "अडकला! अडकला!" आणि रंगनाथ आपल्या पेटीतून काचेची एक बांगडी काढून त्याच्या हातात भरायचा. दिवस मावळेपर्यंत ती काढायची नाही. कासारच तो, त्याला असलंच सुचणार. बाकीच्यांना त्याची मजा वाटायची. हैदर पैलवानाच्या मनगटाला बांगडी बसेना म्हणून त्याच्या मिशीला बांधली होती, आणि तो ती हलवून सगळ्यांना दाखवत होता.

डफ माझ्याकडं आला. ओळ होती —

*चुना येचते, खडा लागतो, दिस डोईवर आला…*

पुढची ओळ? मला पुढची ओळ तीन तऱ्हांनी ठाऊक होती. एक येरमाळ्याची, एक ढोकीकडची, एक परंड्याच्या बाजूची. त्यातली सटवाची खरी कुठली, यावर मी दोन हिवाळे विचार केला होता. आणि मी तोंड उघडलं तर आवाज नाही. पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. ओठ हलले असतील, आवाज नाही.

रंगनाथ थांबला. लोक ओरडायला लागले तर त्यानं हातानं त्यांना गप्प केलं. मग त्यानं ती ओळ सोडून दुसरी दिली, सोपी. तरी नाही. मग तिसरी दिली — जी आमच्याकडची पोरं-पोरी झोक्यावर म्हणतात ती. तेव्हा मला वाटलं, हा मला सोलून काढतोय. आज वाटतं की कदाचित तो मला वाचवत होता. कदाचित. पण हे 'कदाचित' मला पुरतं पटत नाही, आणि पटवून घ्यायची इच्छाही नाही.

"अडकला!" आमराई दणाणली. रंगनाथानं माझा उजवा हात धरला, लिहिता हात. कासाराची पकड, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पंजा गोळा केला, आणि हिरवी बांगडी एका दमात सरकन मनगटात गेली. त्याचा त्यालाच अचंबा वाटला. माझा हात वर करून सगळ्यांना दाखवत तो म्हणाला, "बगा रं, लोन्यावानी हात हाय. धा वर्सांत असा हात भरला न्हाय म्या. अर्जीवाले, तुमी रोज येत जावा दुकानाला."

सगळे हसले. हैदर हसला, भूमचे विणकर हसले, पाणी देणारा हसला. आणि मीही हसलो. कारण हसलो नसतो तर रडलो असतो. वही बगलेतच होती. तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

मी पालखीचं दर्शन न घेता निघालो. बांगडी काढता आली असती, पण दिवस मावळेपर्यंत काढायची नाही हा त्यांचा नेम — आणि मी, बघा, तो सुद्धा मोडला नाही. अंगरख्याची बाही बोटांपर्यंत ओढून गाडीत बसलो. शेजारच्या बाईला ती किणकिण ऐकू आली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. घरी आल्यावर बांगडी जशी गेली तशी सरकन निघाली. बायकोनं विचारलं, ही कुणाला आणली? म्हटलं, तुलाच. तिच्या हाताला ती अगदी बेताची बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भर उजेडात, लिंबाखाली नेहमीच्या जागी बसून, दोन अर्ज्यांच्या मध्ये मी तिसरी अर्जी लिहिली. तिच्यावर नाव नव्हतं.

त्या काळी परवानगीशिवाय सभा भरवायला बंदी होती. भजनाला माणसं जमली तरी ठाण्याचा जवान येऊन उभा राहायचा. मी लिहिलं की येरमाळ्याच्या आमराईत पालखीच्या आडून बिनपरवाना सभा भरते, इंग्रजी मुलखातून बार्शीचे लोक हद्द ओलांडून येतात, गाण्यांच्या मिषानं सरकारविरुद्ध बोललं जातं, आणि म्होरक्या रंगनाथ कासार, राहणार कळंब. यातलं अर्धं खरं होतं, म्हणूनच ते चाललं. नुसतं खोटं मुन्शीच्या नजरेला लगेच कळतं. डाव्या हातानं लिहिलं. कचेरीत द्यायच्या कागदांच्या गठ्ठ्यात मध्ये सरकवलं आणि रोजच्यासारखं आत नेऊन दिलं.

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो गुन्हा, झाली कबुली. नाही. हे मी सांगू शकलो असतो. रागाच्या भरात माणूस काय काय करतो! चहाच्या दुकानात सुद्धा हे सांगितलं असतं तरी चार लोक म्हणाले असते, तरुण होतास, जाऊ दे. मी अजून त्या गोष्टीपाशी आलो नाही. तुमच्या लक्षात आलं असेल, मी जरा रेंगाळतोय.

पालखीच्या मुक्कामाच्या पाचव्या दिवशी पोलीस आमराईत गेले. बार्शीचे लोक रानोमाळ पळाले आणि हद्दीपलीकडं गेले. हैदर पळाला, विणकर पळाले. रंगनाथही पळू शकला असता, त्याचे पाय काही धरलेले नव्हते. पण त्याची बांगड्यांची पेटी उघडी होती, बांगड्यांचे जुडगे चटईवर मांडलेले होते, आणि काच तिथं टाकून कासार पळत नाही. तो जुडगे आवरत बसला. तसाच धरला. लोक सांगत की आंब्याखाली हिरव्या काचेचा सडा पडला होता, आणि पुढं कित्येक दिवस बाया तिथं पाय जपून टाकत. मी हे ऐकलं तेव्हा लिहीत होतो. लिहिता हात थांबला नाही.

त्याला आधी ठाण्यात ठेवलं, मग धाराशिवला नेलं. आठ-दहा दिवसांनी त्याची बायको गोदाबाई माझ्यापुढं येऊन बसली.

गोदाबाई ठेंगणी, काळीसावळी, कोपरापर्यंत बांगड्या. तिच्याकडं बघायला मी घाबरत होतो. मला वाटलं, कळलं हिला. तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "ह्यांनी सांगावा धाडलाय. म्हनले, अर्जीवाल्याकडं जा. दुसऱ्या कुनाकडं जाऊ नको. त्यो सटवाचा मानूस हाय, आपला हाय."

आपला! आंब्याखाली माझा हात वर धरून दाखवताना हा शब्द कुठं होता? तेव्हा मी आपला नव्हतो, तेव्हा लोण्यासारखा हात होतो. हा विचार मला त्या क्षणी आला, आणि निवत आलेला राग पुन्हा पेटला. तोवर मला थोडी भीती होती, थोडी टोचणीही होती, खोटं कशाला बोलू. त्या एका शब्दानं ती गेली.

अर्जी तालुकदाराला, म्हणजे जिल्ह्याच्या साहेबाला करायची होती. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. "तालुकदार सायबाला लिवा. म्हनावं, माजा मालक बांगड्या इकनारा हाय. देवीच्या गान्याबिगर त्याला काय ठावं न्हाय. त्यानं सरकारला कदी वाईट म्हनलं न्हाय. घरात म्हातारी हाय. सोडा त्येला."

आता लिहितो. मी काय लिहिलं ते.

मी लिहिलं की अर्जदार बाईचा नवरा दर साल या सभा भरवतो हे खरं आहे. बार्शीच्या लोकांच्या नादानं त्यानं सरकारविरुद्ध गाणी म्हटली हे खरं आहे. त्याची चूक झाली हे घरचे कबूल करतात. बाई अडाणी आहे, पदर पसरते, हुजुरांनी दया करावी. दयेची अर्जी होती हो ती, शब्द सगळे रडके, अदबीचे, उत्तम उर्दू. एका निनावी चिठ्ठीवर उभं असलेलं प्रकरण मी त्याच्या बायकोच्या तोंडून पक्कं केलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. नवऱ्याच्या सुटकेची दोरी तिच्या हातात देतो असं दाखवून मी त्याच दोरीनं त्याला बांधलं.

आणि मग रिवाज. वाचून दाखवायची.

मी कागद डोळ्यांसमोर धरला. कागदावर एक होतं, आणि मी दुसरंच वाचलं — तिनं सांगितलेलं सगळं, तिच्याच शब्दांत, एकही न वगळता. माझा मालक बांगड्या विकणारा आहे. देवीच्या गाण्याशिवाय त्याला काही ठाऊक नाही. त्यानं सरकारला कधी वाईट म्हटलं नाही. आणि ऐका — मी पुटपुटलो नाही. मी मान खाली घातली नाही. माझा आवाज मोकळा लागला, खणखणीत, थांबा घ्यायचा तिथं थांबा घेऊन. शेजारचे दोन अर्जदार ऐकायला सरकले. एकजण म्हणाला, "काय वाचत्यात अर्जीवाले!" जन्मात पहिल्यांदा चार माणसांसमोर मी न अडकता बोललो, आणि ते हे.

गोदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्या म्हनले त्येच हाय," ती म्हणाली. मी तिचा अंगठा शाईला लावला आणि कागदावर टेकवला. खाली लिहिलं, वाचून ऐकवली, कबूल आहे. सही केली. त्या निनावी अर्जीवर माझं नाव नव्हतं. या अर्जीवर आहे. कुठल्यातरी दफ्तरात तो कागद आजही पडला असेल, वाळवी लागली नसेल तर. तिनं कनवटीला हात घातला तेव्हा मी नको म्हटलं. ती माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.

रंगनाथाला दीड वर्षाची कैद झाली. अर्जीमुळं झाली की झालीच असती? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. पुढं निकाल बघून आलेल्या एका मुन्शीनं सहज सांगितलं, घरच्यांनीच कबूल केलं होतं म्हणून साहेबानं फार विचारपूस केली नाही. तेव्हापासून विचारायचं सोडलं.

तो परत आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, अंगठ्याजवळची. कुणी म्हणे मारलं, कुणी म्हणे खडी फोडताना चेचली. त्यानं स्वतः कधी सांगितलं नाही. कासाराचं सगळं काम त्या दोन बोटांचं असतं. दुकानात बायकांचे हात गोदाबाई भरायला लागली, तो बाजूला बसून जुडगे रंगवार लावायचा. आमराईतली बैठक पुन्हा भरली नाही.

परत आल्यावर चौथ्या दिवशी तो लिंबाखाली आला. सगळ्यांसमोर माझ्यापुढं बसला, वाकड्या हातानं नमस्कार केला. म्हणाला, "तुमी केलं ते कुनी करत न्हाय, अर्जीवाले. नशीब खोटं, त्याला तुमी काय करनार?" त्यानंतर दर दिवाळीला, दर संक्रांतीला माझ्या घरी बांगड्या यायच्या. माझ्या बायकोनं जन्मभर दुसऱ्या कुणाची बांगडी घातली नाही. ती भाकरी थापायची तेव्हा त्या वाजायच्या, पोराला थोपटायची तेव्हा वाजायच्या. मला त्याचा त्रास झाला असेल, असं तुम्हाला वाटतं ना? झाला असता तर मी तुम्हाला बरा माणूस वाटलो असतो. मला बरं वाटायचं. आवाज आला की वाटायचं, फिटलं.

पण फिटलं नव्हतं. पुढं निजामाचं राज्य गेलं, उर्दू गेली, माझा धंदा गेला, आणि आम्ही दोघं रिकामे म्हातारे त्याच्या दुकानाच्या पायरीवर संध्याकाळी बसायला लागलो. तो सटवाची गाणी म्हणायचा. एकेक ओळ त्याला आठवेनाशी झाली होती. म्हणता म्हणता थांबायचा, वाकडी बोटं गुडघ्यावर आपटायचा. "पुढं काय हो, अर्जीवाले? ध्यानात येत न्हाय." पुढं काय ते मला ठाऊक असायचं, तीन तऱ्हांनी. वही घरात पेटीत होती. मी म्हणायचो, मला काय ठाऊक. तो बराच वेळ शोधत बसायचा, आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत बसायचो. असं एकदा नाही, कित्येक वर्षं.

मग माझी बायको गेली. सकाळी गेली, माझ्या आधी, म्हणजे अहेव गेली. बायांनी तिला हिरवं नेसवलं, मळवट भरला, आणि कासाराला बोलावणं गेलं, चुडा भरायला. गोदाबाई लेकीकडं भूमला गेलेली. रंगनाथ स्वतः आला. बाया म्हणाल्या, बाबा, तुमच्या हातानं कसं व्हायचं? तो म्हणाला, "ह्या घरच्या बांगड्या म्याच भरनार."

तो तिच्याजवळ बसला. हात ताठला होता. पहिली बांगडी त्यानं सरकवायला घेतली आणि ती फुटली. बायांनी श्वास ओढला. त्यानं मान वर केली. "अर्जीवाले, धरा की जरा हात." मी खाली बसलो आणि तिचा पंजा गोळा करून धरला — त्यानं माझा धरला होता तसाच, अंगठ्याच्या मुळाशी. आमची डोकी एकमेकांना लागत होती. दुसरी बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत गेली आणि थांबली. पुढं जाईना, मागं येईना. त्याच्या कपाळावर घाम आला, वाकडी बोटं काचेवरून निसटायला लागली.

आणि माझ्या तोंडून शब्द निघाला. हळू, पण स्पष्ट.

"अडकला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आले त्याचे. त्याला वाटलं, मला आमराई आठवली, ते दिवस आठवले, बायकोच्या मढ्यापाशी बसून मी जुन्या मैत्राला हाक मारतोय. तो मान हलवत राहिला. "व्हय हो," म्हणाला, "व्हय." मग एकेक करून त्यानं सगळ्या बांगड्या भरल्या. फार वेळ लागला.

मी ते आठवणीनं म्हटलं नव्हतं. त्याला लागावं म्हणून म्हटलं होतं.